पुराणिकाची कन्या पंडिता रमाबाई

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं, पंचमंडळींचीं व देणगीदारांचीं नांवें यावयाचींच. त्यांच्या शेजारीं एका अशा बाईचें चरित्र देण्याचें योजिलें आहे कीं, जी आपल्या कॅथलिक धर्मसभेंत कधींच नव्हती, जिचा जन्म कोंकणांतला नव्हे, आणि जिला मृत्यु येऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. वाचकांस हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु घरांत छळ सोसणाऱ्या बाईनें रात्रीं उंबरठा ओलांडला तर तिनें जावें कोठें, हा प्रश्न खांब, कोलाड, रोहें, पेण ह्या आपल्या पट्ट्यांतहि विचारण्यासारखा आहे. ह्या प्रश्नास महाराष्ट्रांत ज्यांनीं प्रत्यक्ष घर बांधून उत्तर दिलें, त्यांत पंडिता रमाबाई सरस्वती ह्यांचें नांव पहिल्या रांगेंत येतें. शिवाय अशा स्मरणिका लोकांच्या वर्गणीवरच निघतात. तेव्हां वर्गणी मागण्याच्या विद्येंत जिचा हातखंडा होता, तिची कथा येथें अगदींच अप्रस्तुत ठरूं नये.

आमच्या बाजूस गांवांत हरिनामाचा सप्ताह बसतो, तेव्हां कथा सांगणारे बोवा कसे रंगांत येतात आणि आरतीचें तबक कसें फिरतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. कॅथलिक घरांनाहि पुराण हा शब्द परका नाहीं. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं रचिलेलें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राशोल येथें छापून निघालें, आणि त्याच्या सुमारें अकरा हजार ओव्या पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनीं वाचल्या व ऐकल्या. कथा सांगावी, लोकांनीं ती तन्मय होऊन ऐकावी, आणि उठतां उठतां ज्यास जें जमेल तें त्यानें पुढें ठेवावें, हा ह्या देशाचा जुना प्रघात. रमाबाईंच्या वाट्यास हा प्रघात वडिलार्जित धंदा म्हणून आला.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांजपाशीं शिकत असत. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवावयास वाड्यांत जात, आणि तेथें एका स्त्रीच्या मुखांतून संस्कृत श्लोक निघत आहेत हें ह्या शिष्याच्या कानीं आलें. आपल्या पत्नीसहि ही विद्या द्यावी असें त्यांच्या मनानें तेव्हांच घेतलें. पुढें दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनीं खरोखरच शिकविलें. लोकांनीं मोठा गिल्ला केला. शास्त्रीबोवांनीं पंडितांपुढें शास्त्राधारें आपला पक्ष मांडला, आणि मग सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत कुटी बांधून ते राहिले. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. लग्नाच्या वेळीं लक्ष्मीबाई अवघ्या नऊ वर्षांच्या होत्या आणि शास्त्रीबोवा चव्वेचाळीस वर्षांचे. नदीकांठीं स्नानास आलेल्या एका यात्रेकरूनें त्यांस पाहिलें, आणि आपली मुलगी देऊन तो दुसऱ्या दिवशीं पुढें निघून गेला. ज्या चालींविरुद्ध कन्येनें जन्मभर शब्द झिजविले, त्याच चालीनें तिच्या आईचा संसार सुरू झाला होता. रमाबाईंनीं हें लपविलें नाहीं. आपल्या इंग्रजी पुस्तकांत तें स्पष्ट लिहिलें.

रमाबाई तान्ह्या होत्या तोंच घर मोडलें आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, तें कायमचेंच. आई पहांटे मुलीस जागी करून श्लोक पाठ करून घेई. देवळाच्या ओसरीवर किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावयाचें, ऐकणारांनीं तांदूळ, पैसा, वस्त्र जें पुढें ठेविलें त्यावर गुजराण करावयाची, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला, तेव्हां पुराण ऐकावयास कोणी उरलें नाहीं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलीं तीं रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री. हीं दोघें हजारों मैल पायीं हिंडलीं. थंडीच्या रात्रीं उबेसाठीं वाळूंत खड्डा करून त्यांत अंग पुरून तीं निजत. भुकेनें माणसाचें काय होतें हें रमाबाई पुस्तकांतून शिकल्या नाहींत, आणि पुढील सर्व कार्याचा विचार करतांना वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

१८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. १८८१ मध्यें कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पति गेले. तेविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या.

त्याच सालीं त्या पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेची स्थिति आजच्या तरुण वाचकांस सांगितल्याखेरीज कळावयाची नाहीं. आठ-दहा वर्षांची मुलगी, जिनें नवऱ्याचें तोंडहि धड पाहिलें नाहीं, तिच्यावर नवऱ्यास खाल्ल्याचा आळ येई. डोकें न्हाव्याकडून भादरून घ्यावें, एक वेळ जेवावें, मंगल कार्यांत तोंड दाखवूं नये, आणि घरांतील सर्वांचें काम उरकावें. त्यांतून एखादी फसली, तर विहीर किंवा बाजार हे दोनच मार्ग तिला उरत. ही हिंसा होती. परंतु हातांत काठी नसल्यामुळें तिला हिंसा म्हणावयास कोणी तयार नव्हते. १८६३ मध्यें पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं अशा विधवांच्या बाळंतपणासाठीं गृह काढलें होतें, त्याला तेव्हां दोन दशकें होत आलीं होतीं. तरी समाज हललेला नव्हता. १८८२ मध्यें हंटरसाहेबांच्या शिक्षण-कमिशनपुढें रमाबाईंनीं साक्ष दिली आणि स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टरिणी पाहिजेत हें ठासून सांगितलें. स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून विलायतेस जाण्याचें त्यांनीं ठरविलें. पैसा? त्यांनीं ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रीनें प्रवासखर्चास हातभार लागला. पुराणिकाच्या मुलीनें प्रथमच आपली कथा कागदावर मांडून विकली ती अशी.

१८८३ मध्यें मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडांत वॉंटेज येथें गेल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं तेथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तो इंग्लंडच्या चर्चांत झाला, रोमच्या नव्हे; आणि पुढें त्या चर्चाच्याहि कित्येक मतांशीं त्यांचा वाद झाला. त्या कोणाच्या आज्ञेंत फारशा राहिल्या नाहींत. तो वाद येथें उकरून काढण्याचें आम्हांस कारण नाहीं. आमच्या मतें त्या प्रवासांतील मोठी घडामोड लंडनजवळ फुलहॅम येथें झाली. तेथें भगिनींनीं वाईट मार्गास लावलेल्या स्त्रियांसाठीं एक गृह चालविलें होतें. ज्यांस आपल्याकडे कोणी दारांत उभें केलें नसतें, अशा बायका तेथें रोग्यांची सेवा करीत होत्या. हें कां करतां, असें रमाबाईंनीं विचारलें तेव्हां त्यांस शोमरोनी बाईची, विहिरीकांठची शुभवर्तमानांतील कथा सांगण्यांत आली. ज्या स्त्रीस गांव टाळीत होतें तिच्यापाशीं प्रभूनें पाणी मागितलें, ही गोष्ट त्यांच्या मनांत जी रुतली ती कायमची. पुराणें त्यांनीं असंख्य वाचलीं होतीं. बाटलेल्या म्हटल्या गेलेल्या बाईस पुन्हां उभी करणारी कथा त्यांस येथें सांपडली.

१८८६ च्या आरंभीं त्या अमेरिकेस गेल्या, त्या आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठीं. आनंदीबाई ह्या आपल्या जिल्ह्याशीं थोड्याफार संबंधाच्या. त्यांचे पति गोपाळराव टपालखात्यांत असून कांहीं काळ अलिबागेस नेमणुकीवर होते. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई डॉक्टर झाल्या. थोड्या महिन्यांसाठीं गेलेल्या रमाबाई तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. त्यांनीं फ्रोबेलची बालोद्यान पद्धति अभ्यासिली आणि १८८७ मध्यें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें. वर्षभरांत त्याच्या नऊ-दहा हजार प्रती खपल्या. तें त्यांनीं आपल्या आईस अर्पण केलें होतें.

आणि मग त्या बोलावयास निघाल्या. पांढरें लुगडें नेसलेली, कातरलेल्या केसांची, ठेंगणी अशी ही बाई गांवोगांवच्या सभागृहांत उभी राही आणि बालविधवेची कथा सांगे. रडगाणें नाहीं, आवेश नाहीं. प्रसंग, मग त्याचें कारण, मग मागणें. हा सर्व घाट कथेकऱ्याचा होता. आरंभीं मन वळवावयाचें, मध्यें हंसवावयाचें, शेवटीं डोळ्यांत पाणी उभें राहिलें कीं तबक पुढें करावयाचें; तें त्या लहानपणापासून करीत आल्या होत्या. फरक एवढाच कीं, पूर्वीं तबकांतील पैसा पोटास लागे, आतां तो ज्यांनीं तबक कधीं पाहिलेंच नाहीं अशा मुलींसाठीं होता. डिसेंबर १८८७ मध्यें बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षें साहाय्य देण्याचें ठरलें. तिच्या शाखा म्हणून ठिकठिकाणीं रमाबाई मंडळें निघालीं, आणि त्यांतील सभासदांनीं दरसाल एक डॉलर द्यावयाचा असे. मोठ्या धनिकाच्या एका देणगीपेक्षां हजार घरचा एकेक डॉलर त्यांस अधिक भरंवशाचा वाटला असावा. ज्यानें आपल्या देवळाच्या छपरासाठीं घरोघर वर्गणी गोळा केली आहे, त्यास ह्यांतील मर्म सांगावयास नको.

परंतु ह्या विद्येस एक कांटाहि आहे. आपल्या घरचें दुःख परक्या देशांत सांगून पैसा आणावा कीं नाहीं? त्या वेळीं हा प्रश्न फार तीव्र झाला होता. १८९५ सालीं ब्रुकलिन येथील रमाबाई मंडळ व स्वामी विवेकानंद ह्यांच्यांत ह्याच मुद्द्यावर जाहीर वाद जुंपला. विधवांची स्थिति रंगविली जाते तितकी वाईट नाहीं, असें स्वामींचें म्हणणें पडलें. गमतीची गोष्ट ही कीं, त्याच शहरांत त्याच वर्षीं स्वामींनींहि बंगाल्यांतील शशिपद बानर्जी ह्यांच्या विधवाशाळेस मदत व्हावी म्हणून एक व्याख्यान दिलें. तेव्हां मागावें कीं न मागावें हा वाद नव्हता. सांगावें किती, हा होता. आमचें मत असें कीं, ज्या घरांत मार चालतो त्या घरची अब्रू गप्प बसण्यानें राहत नसते. पण दुसरी बाजूहि मनांत धरण्याजोगी आहे, कारण दूरच्या ऐकणारास दुःखाची कथा ऐकून स्वतःचें मोठेपण वाटूं लागतें, आणि तसें वाटणारे लोक त्या सभांत नव्हतेच असें कोण म्हणेल?

१८८९ च्या आरंभीं रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. काशीबाई कानिटकर ह्या समारंभाच्या अध्यक्षा होत्या. पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून आली ती कोंकणांतली, देवरुखच्या जोशांची गोदूबाई. लहानपणींच तिचें कपाळ पांढरें झालें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस राष्ट्रीय सभा भरली, तेव्हां स्त्री-प्रतिनिधींत रमाबाई होत्या, आणि सामाजिक परिषदेंत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. १८९० मध्यें सदन पुण्यास नेण्यांत आलें.

सदनांत धर्म शिकवावयाचा नाहीं असा करार होता, आणि मुलींस आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळीं खोलीचें दार लावून घेत नसत. मुली येऊन बसूं लागल्या. पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें कडक टीका केली, आणि १८९३ मध्यें रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं सदनाशीं संबंध सोडला. वीस-पंचवीस मुलींस पालकांनीं काढून नेलें. ह्यांत दोष कोणाचा? आमच्या वाचकांस रमाबाईंची बाजू घेण्याचा मोह होणें साहजिक आहे. तथापि ज्या बापानें मोठ्या धैर्यानें आपली विधवा मुलगी शाळेंत धाडली, त्यास आपला विश्वास मोडला असें वाटलें असल्यास त्याचाहि राग समजून घेण्यासारखा आहे. खरा तोटा झाला तो मुलींचा. त्यांपैकीं कित्येकींस पुन्हां त्याच माजघरांत जावें लागलें, आणि त्यांचें पुढें काय झालें ह्याची नोंद कोणाच्याच दप्तरांत नाहीं.

गोदूबाईंचें मात्र ठाऊक आहे. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांचा पुनर्विवाह मुरूडचे धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं झाला. तारखांचा योग पाहणारांनीं पाहावें: आनंदीबाईंची पदवी, सदनाचें उद्घाटन आणि हें लग्न, तिन्हीं ११ मार्चचीं. मुरूड गांवानें कर्व्यांवर बहिष्कार टाकला. पुढें १८९६ मध्यें कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, तो १९०० मध्यें हिंगण्यास गेला, आणि आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई त्या कार्यासाठीं दारोदार वर्गणी मागत फिरल्या. सदनांत शिकलेली विद्या ती हीच. त्यांनीं १९४४ मध्यें आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यास नांव दिलें ‘माझें पुराण’.

इकडे रमाबाईंचा पट मोठा होत चालला होता. विधवांचें तीर्थक्षेत्रीं काय होतें हें पाहण्यासाठीं त्या वेष पालटून वृंदावनास राहून आल्या. १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. आपल्या आईबापांचे शेवटचे दिवस आठवून त्या तिकडे धांवल्या. दुष्काळी छावण्यांभोंवतीं मुली फूस लावून नेणारे दलाल घिरट्या घालीत होते. पोटासाठीं मुली विकल्या जात होत्या. रमाबाईंनीं सुमारें तीनशें मुली व बायका आणल्या. इतक्यांस पुण्यांत ठेवणें प्लेगामुळें शक्य नव्हतें. पुण्यापासून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर केडगांव येथें त्यांनीं फळबागेसाठीं सुमारें शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथेंच तट्ट्यांच्या झोपड्या व तंबू उभे राहिले. त्यांतून ‘मुक्ति’ हें गांवच वसलें. १८९७ मध्यें पुण्यांतील प्लेगच्या रुग्णालयांत व छावणींत स्त्रियांच्या अब्रूची जी हयगय होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनीं वर्तमानपत्रांत लिहिलें, आणि तें प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटांतहि निघालें. ज्या सरकारच्या देशांतून त्यांस मदत मिळत होती त्याच सरकारास त्यांनीं दोष दिला, ही गोष्ट त्यांचे टीकाकार सहसा सांगत नाहींत.

१९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तींत दोन हजारांच्या जवळपास स्त्रिया व मुलें होतीं. फसविलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन निराळें होतें. फुलहॅमच्या गृहाची ती मराठी आवृत्तिच. आंधळ्या मुलींस मनोरमाबाई ठशांची ब्रेल लिपि शिकवीत. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, गाईम्हशी, भाजीचे मळे आणि छापखाना, सर्व बायकांच्या हातीं. मराठी भजनें चालत, आणि रमाबाईंनीं स्वतःहि भजनें रचिलीं. हातांत धंदा व गळ्यांत गाणें नसलेल्या बाईस घरच्या छळांतून सोडविलें तरी ती पुन्हां कोणाच्या तरी हातीं सांपडते, हें त्यांस ठाऊक होतें. दुसऱ्यांदा अमेरिकेस जाऊन १८९८ मध्यें परत आल्यावर मात्र सभा करून मागण्याचा प्रकार त्यांनीं पुष्कळसा सोडला. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर ह्यांच्याप्रमाणें देवापाशीं मागावें, आणि आलेल्या पैशाची हकीकत छापून कळवावी, एवढाच क्रम त्यांनीं ठेवला. देवापाशीं मागितल्यावर हकीकत छापावी कां, असें कोणी थट्टेनें विचारील. पण ती हकीकत वाचूनच देणारे पुन्हां देत.

शेवटचीं वर्षें त्यांनीं पवित्र शास्त्राच्या भाषांतरास वाहिलीं. खेड्यांतल्या अल्पशिक्षित बाईस समजेल असें मराठी पाहिजे म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. उतारवयांत ऐकूं कमी येऊं लागलें होतें. १९१९ मध्यें सरकारनें कैसर-ए-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलैमध्यें, आपल्यामागें कार्य चालवील म्हणून जिच्यावर भरंवसा ठेवला होता ती मनोरमा वारली. मायेचें माणूस असें एकच उरलें होतें, तेंहि गेलें. रमाबाई मुद्रितें तपाशीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं पहांटे झोंपेंतच त्यांचें प्राणोत्क्रमण झालें.

छपाई अजून पुरी व्हावयाची होती. केडगांवच्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या बायकांत दुष्काळांतून उचलून आणलेल्या, घरांतून हांकललेल्या, टाकलेल्या अशाच पुष्कळ होत्या. त्यांनीं तें काम चालू ठेविलें, आणि १९२४ मध्यें संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.